नांगरलेल्या डोक्याची मुंगी

अक्का, फक्त नाव ठरायचं राहिलं होतं, तेही आता ठरलंय. बाकीचा लेख तयार आहे. मापं झाली, चित्रं झाली, कामकरी, सैनिक आणि राणी या तिघींची वर्णनं झाली. नर सापडला नाही तो नाहीच. त्याच्यापुढे ‘अद्याप अज्ञात’ असं लिहून ठेवलंय. पहिल्या मसुद्यात ही ओळ वाचून तुम्ही म्हणाला होतात, “माझ्याबद्दल कधी लिहायची वेळ आली तर हेच लिही, जन्मभर लग्नाचं विचारणाऱ्यांना एकदम उत्तर मिळेल.” तेव्हा मी हसलो होतो. आता तुमच्याबद्दल लिहायची वेळ आली आहे, आणि ते वाक्य आठवून मला अजूनही हसूच येतं. त्याचं काय करायचं ते कळत नाही.

तुम्ही गेलात त्याला महिना होत आला. तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, निवृत्ती कधी, हे सगळं तुमच्या कॉलेजने फलकावर लावलंय, फोटोला हार घालून. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. पण हे तुमच्याखेरीज दुसरेही वाचतील, म्हणून एवढं सांगतो, की तुम्ही धुळ्यात प्राणिशास्त्र शिकवत होता आणि मी जळगावात शिकवतो. प्राचार्यांपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे तुम्हाला अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. आणि आपण दोघांनी मिळून खानदेशातल्या कोरड्या माळांवरची एक मुंगी पाहिली, जी आजवर कुणी लिहून ठेवलेली नव्हती.

आपली ओळख झाली ती प्रात्यक्षिक परीक्षेत. मी बाहेरचा परीक्षक म्हणून धुळ्याला आलो होतो. चहा पुढे करता करता तुम्ही विचारलंत, “गाव कोणतं?” मी सावदा म्हटल्यावर तुम्ही माझ्याकडे दयेने पाहिलंत. “म्हणजे केळीतले. तुम्हाला कोरडं काय असतं ते माहीतच नसणार.” मी म्हटलं, आमच्याकडेही ऊन पंचेचाळीसच्या वर जातं. तुम्ही म्हणालात, “ऊन सगळीकडेच असतं हो. मी कोरड्याबद्दल बोलतेय.” परीक्षा संपेपर्यंत मी ‘तुम्ही’चा ‘तू’ झालो होतो आणि संध्याकाळी तुमच्या मागे बसून शिंदखेड्याच्या बाजूला तुमच्या गावाच्या माळावर पोचलोही होतो. स्कूटर तुम्ही चालवत होता. ते चालवणं मी आयुष्यात विसरणार नाही.

माळावर काहीच नव्हतं. निदान मला काही दिसलं नाही. वाळकं कुसळी गवत, मुरूम, मधे मधे हिवराची झुडपं. तुम्ही एका ठिकाणी उकिडव्या बसलात आणि मलाही बसवलंत. जमिनीत एक भोक होतं, सुतळी जाईल एवढं, आणि त्याच्याभोवती गवताच्या बियांची टरफलं गोल पसरलेली. घरातली बाई धान्य पाखडून कोंडा उंबऱ्याबाहेर टाकते, तसंच ते होतं. ऊन उतरल्यावर मुंग्या बाहेर पडल्या. बारीक कामकरी मुंग्या बिया ओढत आणत होत्या, आणि मोठ्या डोक्याच्या सैनिक मुंग्या दारात बसून त्या बिया फोडत होत्या. आपण बराच वेळ पाहत होतो. वाटेने जाणारा एक शेतकरी थांबला आणि म्हणाला, “काही हरपनं का मॅडम?” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “नही भाऊ, सापडनं शे.”

खरं तर तेव्हा काही सापडलेलं नव्हतं. एवढंच, की ही मुंगी पुस्तकातल्या कुठल्याच वर्णनात नीट बसत नव्हती, आणि ही गोष्ट तुम्ही कितीतरी दिवस मनात ठेवली होती. माझ्याआधी तुम्ही ती दोघा-तिघांना सांगितली होती. त्यांनी ‘असेल एखादा प्रकार’ म्हणून सोडून दिली. मी सोडली नाही, याचं कारण माझी हुशारी नव्हे. तुम्ही मला सोडू दिली नाहीत.

मग आपली रविवारची कामं सुरू झाली. ओल्या कुंचल्याने मुंगी उचलायची, अल्कोहोलच्या बाटलीत टाकायची, आत चिठ्ठी टाकायची आणि चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची. शाईने लिहिली की अल्कोहोलमध्ये ती पसरते आणि मग कुठली मुंगी कुठली ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. नंतर प्रयोगशाळेत कागदाच्या इवल्या त्रिकोणाच्या टोकावर डिंकाचा ठिपका देऊन त्यावर मुंगी चिकटवायची. ठिपका जरा मोठा झाला की मुंगीची एक बाजू गेली. तुमचा हात यात इतका स्थिर होता, की तुम्ही काम करताना मी बाजूला श्वाससुद्धा जपून घ्यायचो. माझ्या हातच्या मुंग्यांना तुम्ही ‘गुळातल्या मुंग्या’ म्हणायचा.

आणि ती वारुळांवरच्या खुणेची गंमत. कोणत्या वारुळातून काय घेतलं ते कळावं म्हणून आपण प्रत्येक वारुळाशेजारी चुना लावलेला एकेक दगड ठेवला होता. कुठल्या गवताचं बी किती येतं, ते मोजायचं होतं. पंधरवड्याने गेलो तर मुंग्या गवताचं बी आणतच नव्हत्या. प्रत्येक दगडाशी पिठाचा नि साखरेचा छोटा ढीग! गावातल्या एक म्हाताऱ्या बाई रोज सकाळी येऊन मुंग्यांना पीठ घालत होत्या. मुंग्यांना पीठ घालणं हे आपल्याकडे पुण्याचं काम, आणि इतके दिवस त्यांना वारुळं शोधत फिरावं लागायचं. आता आपण दगड मांडून त्यांची सोय केली होती. त्या खुशीत तुम्हाला म्हणाल्या, “बाई, तुन्या मुंग्यास्ले मी रोज पीठ टाकस. तू काळजी नको करू.” तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पंधरवड्याचं काम वाया गेलं होतं. पण तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत. त्यांच्यासाठी दोन वारुळं वेगळी ठरवून दिलीत, आणि आपले दगड उचलून जमिनीत खिळे ठोकलेत. त्या बाई तुमच्या दशक्रियेला आल्या होत्या, अक्का. हातात पिठाची पुडी होती.

नांगरलेल्या डोक्याचा शोध तुमचा एकटीचा. आजही लेखात ‘आम्हाला आढळलं’ असं लिहिताना मला अवघडल्यासारखं होतं. सैनिकाच्या डोक्यावर बारीक समांतर रेघा असतात, हे या कुळात नवीन नाही. जवळच्या सगळ्या जातींत त्या रेघा कपाळाच्या मध्यापर्यंत येऊन थांबतात आणि मागचा भाग गुळगुळीत असतो. तुम्ही सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलंत आणि म्हणालात, “ह्या मागपर्यंत जातायत. आणि कडेला बघ कशा वळल्यात.” मी पाहिलं. रेघा थेट मानेपर्यंत गेल्या होत्या आणि डोळ्याला वळसा घालून गेल्या होत्या. तुम्ही म्हणालात, “आमच्या वावरात मधे बोरीचं झाड आहे. नांगरताना आबा असाच वळसा घालायचे.” आबा म्हणजे तुमचे वडील. त्या दिवसापासून आपल्या बोलण्यात ती ‘नांगरलेली’ झाली. दक्षिणेतल्या ज्या तज्ज्ञांकडे आपण नमुने पाठवले, त्यांनीही त्याच रेघांवर बोट ठेवलं आणि जात नवी आहे असं कळवलं.

तेव्हाच लेख पाठवायला हवा होता, असं मी म्हणत होतो. नुसत्या कामकरी आणि सैनिकांवरून वर्णन करतात, पुष्कळ जणांनी केलंय. तुम्ही म्हणालात, “राणीशिवाय नाही. घरात गेलास आणि घरच्या बाईला न भेटता परत आलास, असं कधी करतोस का?” मी म्हटलं, अक्का, हे शास्त्र आहे, सोयरीक नाही. तुम्ही ऐकलं नाहीत.

आणि श्रावणात राणी मिळाली. म्हणजे आपल्याला वाटलं, मिळाली. पहूरच्या अलीकडच्या माळावर, जिथे आपल्याला ही मुंगी दुसऱ्यांदा सापडली होती, तिथे खूण केलेल्या वारुळाच्या तोंडातून पंखवाल्या राण्या बाहेर पडताना आपण दोघांनी डोळ्यांनी पाहिल्या. त्याच भोकातून. संशयाला जागाच नव्हती. आपण त्या गोळा केल्या, मापल्या, मी चित्र काढलं, तुम्ही वर्णन लिहिलंत. आनंदात तुम्ही तुमच्या सगळ्या विभागाला भरीत आणि कळण्याची भाकरी घातलीत. त्या भरताचा ठसका मला जळगावला पोचेपर्यंत पुरला.

पुढे थंडी सुरू झाली तेव्हा तुमचा फोन आला. मी वर्गावर होतो, बाहेर येऊन घेतला. तुम्ही घाईत किंवा रागात असलात की घरच्या बोलीत बोलायचा. तिकडून एकच वाक्य आलं, “माय दुसरीच शे रे.”

मला काही कळेना. मग तुम्ही सांगितलंत. मिशा दोघींच्या मोजल्या होत्या का? आपल्या मुंगीच्या मिशीला बारा सांधे, आणि आपण मापलेल्या राणीच्या मिशीला दहा. “लेकीला बारा आणि आईला दहा? असं कुठे असतं?” पहिल्या वर्षाच्या पोरांनी मिशीचे सांधे मोजले नाहीत की आपण त्यांना वर्गाबाहेर काढतो. इथे दोघे शिक्षक समोरासमोर बसून ते विसरले होते, कारण राणी त्याच दारातून आली होती ना! पुढच्या रविवारी आपण वारुळाची भिंत चाकूने हळूच उघडली. आत, केसाएवढ्या बोळांत, पिवळ्या चिमुकल्या मुंग्या होत्या. मोठ्या मुंग्यांच्या भिंतीत राहून त्यांचीच अंडी-पिल्लं पळवून खाणाऱ्या. चोर मुंग्या म्हणतात त्यांना. त्यांच्या राण्या त्यांच्या मानाने अवाढव्य असतात, आणि बाहेर पडायला त्यांनी घरमालकाचं दार वापरलं होतं. आपण चोराच्या आईचं चित्र काढून तिच्यावर पानभर लिहिलं होतं. तुम्ही ते पान तिथेच माळावर फाडलंत आणि मग इतक्या हसलात की खाली बसावं लागलं. मी मात्र हसलो नव्हतो. माझा एक हंगाम गेला होता. तुमचाही गेला होता, पण तुमच्याकडे किती हंगाम उरलेत हे तेव्हा आपल्याला दोघांनाही माहीत नव्हतं.

नंतरच्या वर्षी तुमचं दुखणं निघालं. त्याबद्दल तुम्ही कधी बोलत नव्हता, म्हणून मीही इथे बोलत नाही. एवढंच लिहितो, की त्या काळात आपली भांडणं कमी होतील असं मला वाटलं होतं आणि ती वाढली. मी लेखात लिहिलं होतं, ‘ही मुंगी फक्त खानदेशच्या कोरड्या माळांवर आढळते.’ तुम्ही ‘फक्त’वर लाल रेघ मारलीत. “तू निमाडात पाहिलंस का? सातपुड्याच्या पलीकडे? गुजरातेत? ती इथेच आहे म्हणायचं तर तिथे नाही हे बघून यावं लागतं.” मी म्हटलं, सगळा देश पालथा घालायचा का? तुम्ही म्हणालात, “नाही. तू जिथे पाहिलंस तेवढंच लिही.” मग यावलच्या वर सातपुड्याच्या उतारावर अंजनाच्या रानात आपण चार खेपा घातल्या. तुमच्याने चढवत नव्हतं, तर पायथ्याच्या पाड्यावर एका घराच्या ओट्यावर तुम्ही बसून राहायचा आणि वरून आणलेली प्रत्येक बाटली तिथेच भिंगाखाली धरायचा. त्या घरच्या बाईने तुमच्यासाठी एकदा बिनतिखटाची भाजी वेगळी केली होती. तुम्ही ती मला दिलीत आणि माझी तिखट भाजी खाल्लीत. तिथे आपली मुंगी नव्हती. तुमच्या जाण्याआधीच्या दिवसांत मी एकटा डोंगर ओलांडून पलीकडेही जाऊन आलो, तिथेही नाही मिळाली. तरी मी ‘फक्त’ काढून टाकलंय. ‘आतापर्यंत धुळे व जळगाव जिल्ह्यांतील कोरड्या माळांवर सापडली’ असं लिहिलंय. या भांडणात तुम्ही जिंकलात.

खरी राणी गेल्या थंडीत मिळाली. तुमच्या गावच्या माळावर आपण एकच वारूळ पूर्ण खणायचं ठरवलं. एकच, ही तुमची अट. तुमचे धाकटे भाऊ नाना फावडं घेऊन आले होते. तुम्हाला उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून घरची प्लास्टिकची खुर्ची माळावर आणून ठेवली होती, आणि तुम्ही शालीत गुरफटून तिथून हुकूम सोडत होता. बियांची कोठारं लागली, एकामागून एक, टरफलं काढून स्वच्छ रचलेली. नाना म्हणाले, “आपलापेक्षा यास्नं कोठार भरेल शे.” कंबरेइतकं खाली गेल्यावर एका खोलीत ती होती. मोठी, काळसर, पंख झडलेली, भोवती लेकींचा गराडा. मी ती बाटलीत घालून तुमच्या हातात दिली. तुम्ही भिंग लावलंत. तोंडाने मोजायला लागलात. शेवटच्या आकड्याला आलात, थांबलात, पुन्हा पहिल्यापासून मोजलंत आणि बाटली माझ्यापुढे धरलीत. “बठ्ठा मिळीसन बारा शेतस. आते तू मोज.” मी मोजले. बारा होते. तुम्हाला इतकं आनंदी मी आधी कधी पाहिलं नव्हतं. नानांनी मला बाजूला घेऊन विचारलं, बारा असले म्हणजे काय होतं? मी म्हटलं, सगळं होतं.

राहिलं नाव. त्यावर आपलं एकमत कधीच झालं नाही. मला नावात खानदेश हवा होता. तुम्ही म्हणालात, “उद्या पलीकडे सापडली तर तिने तिथे खोटं नाव लावून फिरायचं का?” तुम्हाला ‘नांगरलेली’ या अर्थाचा लॅटिन शब्द हवा होता, म्हणजे कुणीही भिंग घेऊन डोकं पाहावं आणि नाव पटावं. माणसांची नावं प्राण्यांना द्यायला तुमचा कायम विरोध. “मुंगीला काय करायचंय कोण कोणाचा साहेब होता ते?” दवाखान्यातही हा वाद चालू होता. शेवटी तुम्ही म्हणालात, नंतर बघू. मग नंतर आलंच नाही.

आता हे ऐका. तुम्ही गेल्याचं कळवल्यावर दक्षिणेतल्या त्या तज्ज्ञांचं उत्तर आलं. त्यांनी दुःख व्यक्त केलं आणि सुचवलं, की मुंगीला अक्कांचंच नाव द्या. फक्त एक करावं लागेल. लिहिणाऱ्याने आपल्याच नावावरून जातीला नाव देणं आपल्या या धंद्यात शोभत नाही. नियमात बंदी नाही, पण लोक हसतात. तेव्हा लेखकांतून अक्कांचं नाव काढा, एकट्याच्या नावाने लेख छापा, आणि मुंगीला त्यांचं नाव द्या. असं पुष्कळदा करतात. तुमच्या कॉलेजलाही ही कल्पना फार आवडली. आणि मलाही आवडली, अक्का. खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी ते नाव कागदावर लिहून लिहून पाहत होतो.

गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटल्यावर, नानांनी मला गोठ्याकडे नेलं. त्यांना कुणीतरी कॉलेजातल्याने सांगितलं होतं. त्यांनी माझा हात धरला. “भाऊ, बहीणनं नाव त्या मुंगीले द्या. सातबारावर तिनं नाव नही, घरवर नही. पोरं नही, सोरं नही. मुंगीवर तरी राहू द्या.”

मी त्यांना सांगितलं, की तसं केलं तर ही मुंगी पहिल्यांदा कुणी पाहिली, तिथे अक्कांचं नाव राहणार नाही. तिथे माझं एकट्याचं राहील. आणि लेखकांत ठेवलं तर जातीच्या नावाला जोडून अक्कांचं आडनाव आणि साल कायमचं लागतं. जगात कुठेही, कुणीही ही मुंगी नीट लिहिली, तर नाव आधी मुंगीचं आणि त्याच्या मागे अक्कांचं.

“मांगे?” नाना म्हणाले. “बाईनं नाव मांगेच राहस का?”

मी म्हटलं, नाना, तिथे बाई-पुरुष सगळ्यांचंच मागे असतं. ज्याने ओळखलं त्याचं ते नाव. त्यांनी थोडा विचार केला. “मंग कोनी ईचारं का ही मुंगी कोनी दखी, तं तिनंच नाव निंघी ना?” मी म्हटलं, पहिलं तिचंच. ते मला निरोप द्यायला फाटकापर्यंत आले, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी हातात दिली आणि म्हणाले, “पण मुंगीवर राहतं तं बरं व्हतं.” त्यांना पटलं नव्हतं. मलाही पूर्ण पटलेलं नव्हतं.

घरी आल्यावर आठवडाभर यावरच डोकं चाललं होतं. मुंगीला तुमचं नाव दिलं असतं, तर पन्नास वर्षांनी ते वाचणाऱ्याला काय कळलं असतं? कुणीतरी बाई होती, कुणाची तरी बायको असेल, आई असेल, लेखकाला आदर वाटत असेल, म्हणून दिलं. त्या रेघा मागपर्यंत जातात हे तुम्ही पाहिलंत, ‘माय दुसरी आहे’ हे तुम्ही पकडलंत, राणीसाठी अडून बसलात त्या तुम्ही, यातलं काही कळलं नसतं. तुम्हाला मान द्यायचा म्हणून तुमचं काम माझ्या नावावर करून घ्यायचं, हे काही मला जमेना. तुमची आठवण राहावी असं मला वाटतं. पण त्याहून जास्त असं वाटतं, की तुमचं काम तुमचंच राहावं.

तेव्हा ठरलं. लेखक दोन. पहिलं नाव तुमचं, दुसरं माझं. तुमच्या नावाशी एक छोटी खूण टाकावी लागली, लेखक हयात नाही हे सांगणारी. ती टाकायला मला अर्धा दिवस लागला. मुंगीचं नाव तुम्हाला हवं होतं तेच, नांगरलेली या अर्थाचं. लॅटिन रूप मी इथे लिहीत नाही. छापून यायच्या आधी नाव फोडायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत. नानांना परवा फोन करून सांगितलं. ते “बरं” एवढंच म्हणाले आणि मग बराच वेळ पावसापाण्याचं बोलत राहिले.

काल रात्री जेवणानंतर लेखाचा शेवटचा भाग लिहायला बसलो. ऋणनिर्देश. तज्ज्ञांचे आभार मानले, दोन्ही कॉलेजांचे मानले, वारूळ खणल्याबद्दल नानांचे मानले, पाड्यावरच्या त्या घराचे मानले, पीठवाल्या बाईंचेसुद्धा मानले. मग तुमचं नाव लिहिलं. स्कूटरवरून माळावर नेल्याबद्दल, चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहायला लावल्याबद्दल, ‘फक्त’ खोडल्याबद्दल, असं बरंच लिहीत गेलो. चांगला मोठा परिच्छेद झाला. वाचताना लक्षात आलं, की हे चालणार नाही. लेखकांत ज्याचं नाव आहे त्याचे आभार लेखात मानायचे नसतात. ते स्वतःच स्वतःचे आभार मानल्यासारखं होतं. संपादकाने ते काढूनच टाकलं असतं.

म्हणून तो परिच्छेद मी खोडला आणि हे लिहायला घेतलं. इतक्या वर्षांत मी तुम्हाला तोंडाने एकदाही ‘थँक्यू’ म्हटलं नाही, तुमच्यासमोर ते बोलायची हिंमत कुणाची होती? लेखात तुम्ही लेखक आहात, तिथे माझे आभार तुमच्यापर्यंत पोचायला जागा नाही. इथे आहे. अक्का, मी तुमचा फार फार आभारी आहे.